गाठ न मारता

दर दोन तासांनी कूस.
डावी असेल तर गयाबाई वहीत उभी रेघ ओढतात,
उजवी असेल तर आडवी.
लघवीला टिंब. जेवण गेलं की वाटोळं,
थुंकलं तर वाटोळ्याला शेपूट.
शंभर पानी वही, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे,
आत एक अक्षर नाही.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, तेहतीस वर्षं.
झटक्यानंतर तोंडात दोनच शब्द उरले :
पुढं सरका.
तहान लागली, पुढं सरका.
पाठ जळजळली, पुढं सरका.
एकदा मी पलंगाच्या पायाशी बसून रडत होते
तेव्हाही तेच म्हणाले,
फक्त हळू.

नळ आठव्या दिवशी, तोही रात्री दोनला.
एन-सातची आख्खी गल्ली मोटारींनी घरघरते,
मी ड्रम भरते, गयाबाई चादरी पिळतात.
रोजच्या तीन चादरी
आठ दिवसांच्या पाण्यात बसत नाहीत,
कसंही मांडा.

त्याच जागरणांत मी अण्णांच्या खाकी पँटी उसवल्या.
धागा निघायचा वितभर, मग तुटायचा.
शहागंजातून पांढरी सुती चादर आणली
आणि गयाबाईंची वही तिच्यावर उतरवत गेले,
रेघेला रेघ, टिंबाला टिंब,
श्रावणापासून माघापर्यंत.
तुटका धागा म्हणून गाठी फार.
मला त्या आवडायच्या,
अंधारात बोटांना लागायच्या
ज्वारीच्या दाण्यांसारख्या.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये चादर भिंतीवर टांगली.
खाली पाटी, पाटीवर माझं नाव.
लोक दोन पावलं मागे जायचे, मान तिरकी करायचे,
कुणी म्हणालं पाऊलवाटा, कुणी म्हणालं नकाशा.
एका गृहस्थांनी विचारलं, ही मोडी का?

तिसऱ्या दिवशी गयाबाई आल्या.
शेजारच्या तबस्सुमला अण्णांपाशी बसवून,
दोन रिक्षा बदलून, ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून.
भिंतीशी अगदी खेटून उभ्या राहिल्या
आणि वाचायला लागल्या.

"हे मंगळवार. ह्या दिशी टँकर नव्हता आला.
हितं ताप होता त्यांना, तीन शेपट्या लागोपाठ.
हितं तुम्ही जालन्याला गेलत्या."
बोट सरकत होतं, ओठ हलत होते,
मागे कुणीतरी फोन काढून उभं राहिलं.
मग बोट थांबलं.
"ताई, हे आडवी जास्तीची टाकली तुम्ही.
त्या राती माझा डोळा लागला होता.
कूस झालीच नाही.
मी वहीत जागा रिकामी सोडली होती."

मला ती जागा आठवली.
ओळ बरी दिसत नव्हती म्हणून भरली होती.

त्यांनी काही ताणलं नाही.
तळहात चादरीवरून फिरवला,
पाठीवरून फिरवतात तसा, खाली, मग आडवा,
आणि म्हणाल्या,
"गाठी कामून ठेवल्या एवढ्या?
टोचतील नं त्यांना. जखम व्हायची."

हॉलमध्ये पंखा होता, तो ऐकू यायला लागला.
दाराशी हात लावू नये अशी सूचना होती,
ती मीच लिहिली होती.

चैत्रभर उसवत होते.
गयाबाईंनी दाखवलं :
शेवट आला की धागा तोडायचा नाही,
आलो त्याच टाक्यांखालून परत न्यायचा, चार घरं,
आणि सोडून द्यायचा.
धरून राहतो, म्हणाल्या. गाठीची गरज नसती.
ती जास्तीची आडवी काढली.
भोकं दिसतात अजून, बारीक, चार.
पाटीचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही.

परवा चादर अण्णांखाली घातली.
गयाबाईंनी आधी स्वतःचा गाल टेकवून पाहिला,
मग एक, दोन, तीन म्हणत आम्ही कूस वळवली.
डावी.
पहिल्याच रात्री ओली झाली.
गयाबाईंनी उशाखालची वही ओढली,
पेन्सिल जिभेला लावली
आणि टिंब दिलं.